लायलॅक म्हणून आणलेलं झुडूप: नाव कसं ओळखायचं, जागा किती सोडायची

या महिन्यात आलेल्या बागेच्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. झुडूप घरात आलं आहे, नावाची चिठ्ठी नाही आणि पुढे किती वाढणार ते कळत नाही. म्हणून ही चारही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: मागच्या जुलैत इथल्याच एका नर्सरीतून जांभळ्या फुलांचं झुडूप आणलं. विकणाऱ्यानं ‘लायलॅक है’ एवढंच सांगितलं, पिशवीला चिठ्ठी नव्हती. आणलं तेव्हा दीड फुटाचं होतं आणि तेवढ्यातच त्याला दोन तुरे होते. बारा इंची कुंडीत ते आता साडेतीन फूट झालं आहे. डिसेंबर-जानेवारीत पानं तांबूस होऊन सगळी गळली, मार्चमध्ये पुन्हा फुटली. या जूनमध्ये फांद्यांच्या टोकांना फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे आले. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या आहेत. पानं दीड-दोन इंचांची, देठ जवळजवळ नाहीच. कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फुटांवर, बाल्कनीच्या खाली लावायचा विचार आहे. हे खरंच लायलॅक आहे का? आणि मोठं होऊन केवढं होईल?
(एक वाचक, टिळकनगर, इंदूर)

उत्तर: हे लायलॅक नाही, सावनी आहे. मान्सूनच्या तोंडावर फुलणारी, चुरगळलेल्या पाकळ्यांची, बिनदेठाच्या पानांची आणि थंडीत पानं टाकणारी. तुमच्या वर्णनातली प्रत्येक खूण तिचीच आहे. वनस्पतिशास्त्रातलं नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका. आपल्याकडच्या रोपवाटिकांत फिका जांभळा तुरा दिसला की ‘लायलॅक’ म्हणून विकण्याची पद्धत आहे. त्यामुळे या नावाखाली निदान पाच-सहा वेगवेगळी झाडं घरोघर पोचतात. त्यातलं एखादं कंबरेएवढं राहतं आणि एखादं तिसऱ्या मजल्याला लागतं. म्हणून जमिनीत लावण्याआधी तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

तरीही खात्री करून घ्या, त्याला दहा मिनिटंही लागणार नाहीत. कोवळी फांदी अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच फिरवा. सावनीची फांदी गोल लागत नाही, चार कडा बोटाला जाणवतात. एक ताजं फूल तळहातावर ठेवून पाकळ्या मोजा. बहुधा सहा असतात आणि प्रत्येक पाकळी बारीक दोरीसारख्या देठावर उभी असते. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ दिसेल. त्यात कडेचे सहा केसर बाकीच्यांपेक्षा लांब, जाड आणि आत वळलेले असतात. हे सहा लांब केसर दिसले की शंका उरत नाही. खोड पेन्सिलीहून जाड झालं असेल तर सालीचे पातळ पापुद्रे सुटून खालचं गुळगुळीत, फिकं खोड दिसायला लागतं.

खरं लायलॅक, म्हणजे सिरिंगा, हे आपल्या जाई-मोगरा-पारिजातकाच्या कुळातलं. त्याचं फूल म्हणजे एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी चार पाकळ्या. नळी सुईनं उभी चिरली की आत फक्त दोन पुंकेसर मिळतात. पानं समोरासमोर, साधी, अखंड काठाची आणि देठ स्पष्ट. सावनीशी त्याचा फुलाच्या रंगापलीकडे काही संबंध नाही.

आता तुमच्या बाबतीत खरी धास्ती घ्यावी अशी एकच गोष्ट आहे. सावनीच्या नावानं कधी कधी ताम्हण येतं. दोघं सख्खे भाऊ, पण ताम्हण हा चाळीस-पन्नास फुटांचा वृक्ष आहे. रोप लहान असताना फरक पानात बघा. सावनीचं पान सहसा एक ते तीन इंच, ताम्हणाचं चार ते आठ इंच आणि चिवट. फूल आलं असेल तर काम आणखी सोपं. ताम्हणाचं फूल दोन-अडीच इंच रुंद असतं आणि त्याच्या कळीवर उभ्या, ठसठशीत कडा असतात. सावनीचं फूल दीड इंचाच्या आसपास असतं आणि कळी जवळजवळ गुळगुळीत, हिरवी. तुमची पानं दीड-दोन इंचांची आहेत, त्यामुळे ताम्हणाची शक्यता मी सोडून देतो.

पुढचा प्रश्न आकाराचा. इथे बहुतेक जण कुंडीतल्या उंचीवरून किंवा फुलं आली यावरून अंदाज बांधतात आणि दोन्ही अंदाज चुकतात. दीड फुटाच्या रोपाला तुरे होते म्हणून ते ठेंगणं, असं समजू नका. सावनी फांदीच्या कलमापासून करतात. कलम ज्या मोठ्या झाडावरून घेतलं त्याचं वय सोबत घेऊनच येतं, म्हणून पहिल्याच वर्षी फुलतं. बीपासून झालेलं रोप मात्र सहसा आधी अंग धरतं, मग फुलतं. शिवाय काही ठिकाणी विक्रीआधी वाढरोधक औषध देऊन रोपं गच्च आणि बुटकी ठेवलेली असतात. जमिनीत गेल्यावर त्या औषधाचा असर ओसरतो आणि झाड आपल्या मूळ वाढीला लागतं.

खरा अंदाज द्यायला दोन गोष्टी लागतात. पहिली, एका हंगामात फांदी किती लांबते. मार्चमधल्या पहिल्या फुटव्यापासून तुऱ्याच्या बुडापर्यंत सर्वांत जोमदार अशा पाच फांद्या मोजा आणि सरासरी काढा. ठेंगण्या जातीत ही लांबी फूट-दीड फुटाच्या पुढे क्वचित जाते. उंच जातीत जमिनीतल्या झाडावर ती सहज तीन-चार फूट असते. दुसरी गोष्ट म्हणजे पेरं, दोन पानांच्या सांध्यांमधलं अंतर. एकाच फांदीवरची दहा पेरं एकत्र मोजा, एकेक मोजलीत तर फसाल. बुटक्या जातीची पेरं आखूड असतात, पानं दाटीनं बसलेली आणि फुटवे जमिनीपासूनच भरपूर येतात. उंच जातीत पेरं लांब असतात आणि दोन-चार मुख्य सोट वर निघतात. मोजमाप उन्हातल्या फांद्यांवरच करा. सावलीतली फांदी उजेड शोधत ताणली जाते आणि तिची पेरं खोटी लांबी दाखवतात.

तुमचं रोप बारा इंची कुंडीत, म्हणजे मुळं कोंडलेली असताना, एका वर्षात दोन फूट वाढलं. हे ठेंगण्या जातीचं लक्षण नव्हे. इंदूरच्या उन्हात, जमिनीत, सहा ते आठ वर्षांत ते दहा ते पंधरा फूट उंच आणि आठ ते बारा फूट रुंद होईल असं धरून चला. चांगल्या जागी मोकळं सोडलेलं उंच जातीचं सावनीचं झाड वीस फुटांपर्यंतही जातं.

म्हणून भिंतीपासून दोन फूट ही जागा चुकीची. हिशेब असा करा: पूर्ण वाढीच्या रुंदीचं निम्मं, त्यात माणूस मागून फिरू शकेल आणि हवा खेळेल म्हणून आणखी दोन फूट. बारा फूट रुंदी धरली तर भिंतीपासून आठ फूट. सावनीची मुळं भिंत फोडणारी नाहीत, ती भीती बाळगू नका. त्रास होतो तो वरच्या बाजूला. भिंतीकडचं अंग उजेडाअभावी उघडं पडतं, झाड एका बाजूला कलतं, हवा न खेळल्यानं पावसाळा सरताना पानांवर पांढरी भुरी येते. मग दर वर्षी शेंडा कापून झाड बसवलं जातं. शेंडा एकाच जागी पुन्हा पुन्हा कापला की तिथे गाठ तयार होते, गाठीतून झाडूसारखे बारीक, लांब फोक निघतात आणि जुलैच्या पावसात भिजलेला तुरा त्यांना पेलवत नाही. फोक वाकून जमिनीला टेकतात किंवा मोडतात. बाल्कनीखाली तर आणखी एक अडचण: सावनीला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं, नाहीतर पानं भरपूर आणि तुरे नावापुरते.

मोकळी जागा आठ फूट नसेल तर हेच झाड अठरा-वीस इंची कुंडीत ठेवून पाच-सहा फुटांवर सांभाळता येतं. छाटणी फेब्रुवारीत, फुटवा हलायच्या आधी. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे तेव्हा कापलं तरी बहर जात नाही. पेन्सिलीहून बारीक काड्या काढून टाका, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढा, मुख्य सोट मात्र मध्येच तोडू नका. भिंतीलगतच काही हवं असेल तर दोन-तीन फुटांवर थांबणारी ठेंगणी सावनी मागा आणि ती फुललेली असताना, फांद्या मोजूनच घ्या.

जमिनीत लावताना आपल्या काळ्या मातीची काळजी घ्या. खोल खड्डा करून त्यात वाळू आणि खत भरलं की भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठतं आणि मुळं कुजतात. खड्डा कुंडीतल्या मातीच्या गोळ्याहून उथळ आणि त्याच्या तिप्पट रुंद घ्या. निघालेल्या मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम मिसळून भरा. झाडाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा ते आठ इंच उंच राहील असा उंचवटा करा. कुंडीत गोल फिरलेली मुळं दिसली तर गोळ्याला चार बाजूंनी इंचभर खोल उभे काप द्या, नाहीतर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला राहते. त्यांनी घेतलेल्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लायलॅकचं झाड आहे, चिठ्ठी वगैरे काही नाही. उंची पाच फूट. मुलगी सांगते की गावातली लायलॅकं मेच्या मध्यावर फुलली, हे मात्र मेच्या अखेरीस. पानं दोन-अडीच इंच, काठ नागमोडी, ऑक्टोबरात लालसर झाली होती. गंमत म्हणजे बुंध्याजवळून दोन सरळ काठ्या वर आल्यात आणि त्यांची पानं वेगळीच, मोठी, बदामाच्या आकाराची आहेत. झाड किती वाढेल? खिडकी झाकेल का? आणि भारतात येताना तिनं एक फांदी आणली तर इथे लागेल का?
(एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: ताई, रोचेस्टर हे लायलॅकचं गाव आहे. तिथल्या हायलँड पार्कमध्ये शेकडो जातींची लायलॅकं आहेत आणि दर मे महिन्यात तिथे लायलॅकचा मोठा उत्सव भरतो. मुलीला म्हणावं, पुढच्या मेमध्ये आपल्या झाडाची एक फांदी घेऊन तिथे फिरून ये. झाडांना नावाच्या पाट्या आहेत, पान आणि फूल शेजारी धरून पडताळता येतं. त्याहून चांगली सोय घरबसल्या मिळणार नाही.

तुम्ही दिलेल्या खुणा मात्र एवढ्या नेमक्या आहेत की नाव जवळजवळ ठरतंच. उशिरा फुलणारं, नागमोडी काठाच्या मध्यम पानांचं आणि शरद ऋतूत लाल होणारं लायलॅक म्हणजे ‘मिस किम’. नेहमीचं जुनं लायलॅक, सिरिंगा व्हल्गारिस, पान गळेपर्यंत हिरवं किंवा मळकट पिवळं राहतं, लाल होत नाही. एल्विन मीडर यांनी १९४७ साली कोरियातून आणलेल्या बियांपासून ‘मिस किम’ निघाली आणि न्यू हॅम्पशायर विद्यापीठानं १९५४ मध्ये ती बाहेर दिली. तिथल्या घराघरांत ती आहे. तिच्याशी गल्लत होते ती ‘पॅलिबिन’ नावाच्या बुटक्या लायलॅकची. पण पॅलिबिनचं पान जेमतेम इंच-दीड इंचाचं, गोलसर. त्याच्या बुडातूनच दोन जोड्या शिरा निघतात आणि काठाला समांतर वळत जातात. पान उलटं करून उजेडात धरलं की हे स्पष्ट दिसतं.

आता त्या बदामी पानांच्या दोन काठ्या. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. झाड कलमी आहे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या मुळांवर बांधलेलं, आणि खालच्या खुंटाला, म्हणजे त्या मुळांच्या भागाला, धुमारे फुटले आहेत. बदामी पानं, गुळगुळीत आणि अखंड काठाची, ही नेहमीच्या लायलॅकची खूण, आणि तोच खुंट म्हणून वापरतात. खुंटाचा धुमारा कलमापेक्षा कितीतरी जोरात वाढतो. असाच सोडला तर पाच-सहा वर्षांत मूळ झाड त्याच्या सावलीत मागे पडेल आणि खिडकीखाली बारा ते पंधरा फूट उंच, भोवताली धुमारे फेकत पसरणारं झाड उभं राहील. लोकांना वाटतं की झाडानं जात बदलली. जात बदलत नाही, खुंट वर येतो.

हे धुमारे जमिनीलगत कात्रीनं कापू नयेत. कापलेल्या बुडातल्या डोळ्यांतून एकाच्या जागी चार येतात. माती हातानं उकरून धुमारा जिथून निघाला आहे तिथपर्यंत जायचं, तो बुडाशी धरून खाली आणि बाहेर असा ओढून त्याच्या टाचेसकट उपटायचा. फार जाड असेल तर धारदार चाकूनं मुळाला लागून सपाट कापायचा. हे काम वसंतात, धुमारे कोवळे असताना सोपं जातं. कलमाची जागा कुठे आहे हे खोडाजवळची माती बाजूला केली की कळतं. तिथे खोड किंचित फुगलेलं असतं आणि वरची-खालची साल वेगळी दिसते.

नीट निगा राखलेली ‘मिस किम’ सहा ते आठ फूट उंच आणि साधारण तेवढीच रुंद होते. वाढ सावकाश. मुलीचं झाड अजून पुरतं वाढलेलं नाही हे ती स्वतः तपासू शकते. थंड प्रदेशातल्या फांदीवर दर हिवाळ्यानंतर कळीच्या खवल्यांचे बारीक वळ उमटतात, फांदीला वेढणाऱ्या दोन-चार जवळजवळच्या रेषा. टोकापासून पहिल्या वळापर्यंतची लांबी म्हणजे शेवटच्या वर्षाची वाढ, तिथून पुढच्या वळापर्यंत त्याआधीच्या वर्षाची. अशी तीन-चार वर्षं मोजली की कळतं. वाढ दर वर्षी सारखी असेल तर झाड अजून चढतं आहे. दर वर्षी कमी कमी होत जाऊन दोन-तीन इंचांवर आली असेल तर ते आपल्या उंचीला पोचलं. नव्या छाटणीनंतर फुटलेल्या जोमदार काठ्या या मोजणीत घेऊ नका.

खिडकीची कड जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असेल तर खालचा निम्मा भाग झाकला जाईल. ते टाळायचं तर छाटणी फुलं सुकल्यावर लगेच, साधारण जूनच्या मध्यापर्यंत करायची. पुढच्या वर्षीच्या कळ्या लायलॅक उन्हाळ्यातच धरून ठेवतं. सप्टेंबरात किंवा हिवाळ्यात कापलं तर कापलेल्या प्रत्येक टोकाबरोबर एक तुरा जातो. ‘लायलॅक फुलतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच वेळ चुकलेली असते. वरून गोल भादरण्यापेक्षा दर वर्षी सर्वांत जुन्या, जाड काठ्यांपैकी एक तृतीयांश बुडातून काढाव्यात. तीन वर्षांत झाड नवं होतं आणि उंची आटोक्यात राहते. मात्र कलमी झाडात हा बुडाचा काप कलमाच्या जागेच्या वरच द्यायचा, हे विसरू नये.

एक गोष्ट आणखी तपासून बघायला सांगा. हिवाळ्यात फांदीच्या टोकाला कळ्यांची जोडी आहे की एकच कळी? नेहमीच्या लायलॅकला टोकाला दोन कळ्या शेजारी शेजारी असतात, मधली नसते. टोकाला एकच मोठी कळी असेल तर ते प्रेस्टन जातीचं, उशिरा फुलणारं, आठ ते बारा फुटांचं लायलॅक असू शकतं. मात्र त्याचं पान लांबट, चार-पाच इंचांचं आणि शिरांनी खोलवर रेघाटलेलं असतं. तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही.

भारतात फांदी आणण्याबद्दल: आणू नये. परदेशातून झाड, फांदी, कलम काहीही आणायचं तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आधी आयातीचा परवाना आणि तिथल्या सरकारी खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत गुंडाळून आणलेली फांदी विमानतळावर जप्त होऊ शकते आणि तसं होणं योग्यच आहे. फांदीबरोबर येणारे किडे आणि बुरशी आपल्या पारिजातकाला, मोगऱ्याला लागू शकतात, कूळ एकच आहे. आणि ती इथे जगेल का, याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न: काश्मीरला एप्रिलमध्ये गेलो असताना खरं लायलॅक पाहिलं. तसं रोप इंदुरात लावता येईल का? थंडीत कुंडीला बर्फ घातला तर?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: झाड काही काळ जगेल, फुलणार नाही. लायलॅकच्या कळ्या उमलायला हिवाळ्यात कित्येक आठवडे थंडी लागते, साधारण सात अंशांच्या खालची. इंदुरात जानेवारीतली रात्र सरासरी दहा अंशांच्या आसपास आणि दुपार पंचविशीत. कुंडीत बर्फ घातल्यानं मुळं गारठतात, कळ्या मात्र वरच्या फांद्यांवर असतात आणि दुपारच्या उन्हात त्या पुन्हा तापतात. त्यात मे महिन्याचे चाळीस अंश आणि मग चार महिने ओली काळी माती, हे त्या झाडाला पेलत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो गार्डन्समध्ये वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीत फुलणाऱ्या काही जाती तयार केल्या, ‘लॅव्हेंडर लेडी’ त्यांतली प्रसिद्ध. पण तिथला उन्हाळा कोरडा असतो. मुळाशी चार महिने पाणी देणारा माळव्याचा पावसाळा त्या जातींसाठीही नाही. हिमालयात आपलं स्वतःचं लायलॅक आहे, सिरिंगा एमोडी, पण ते दोन हजार मीटरच्या वरचं. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. मन लागलंच असेल तर सावनी लावा किंवा त्रिपर्णी निर्गुडी, जिला ‘अरेबियन लायलॅक’ म्हणून विकतात. तिचं पान वर राखाडी-हिरवं, खाली जांभळं. सहा-आठ फुटांत राहते आणि कात्री कितीही लावली तरी तक्रार करत नाही.

प्रश्न: ‘पर्शियन लायलॅक’ म्हणून मिळालेलं रोप दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या हौदापासून चार फुटांवर लावलं. ते आता चौदा फूट झालं आहे! पानं कडुनिंबासारखी, पण आणखी बारीक विभागलेली. मार्चमध्ये सुगंधी, फिक्या जांभळ्या फुलांचे झुपके आले, मध्ये गडद जांभळी नळी. आता हिरव्या गोल फळांचे घोस आहेत. नातवंडं लहान आहेत. ठेवावं की काढावं?
(एक वाचिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: काढावं, आणि याच हंगामात. हे बकाण निंब आहे, हिंदीत बकायन. तुम्ही दिलेलं फुलाचं वर्णन हुबेहूब त्याचंच आहे. झुडूप नव्हेच, चाळीस फुटांपर्यंत जाणारं झाड. पहिली काही वर्षं ते वर्षाला पाच-सात फूट सहज वाढतं. त्याचं लाकूड जोराच्या वाऱ्यात मोडणारं आणि मुळं हौदाच्या ओलाव्याकडे जाणारी. फळं पिकून पिवळी होतात, सगळी पानं गळल्यावरही फांद्यांवर लटकत राहतात आणि ती विषारी आहेत. पक्षी खातात म्हणून माणसालाही चालत असतील, असं समजू नये. मुलांनी फळ चघळलं असं वाटलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं, बरोबर फळांचा घोस न्यावा.

नर्सरीत असताना हे झाड ओळखायला एक खूण पुरते. आधी पान कुठे सुरू होतं ते शोधा. देठाच्या बगलेत, खोडाला चिकटलेला डोळा जिथे असतो तिथून पान सुरू होतं. बकाणाच्या बाबतीत त्या डोळ्यापासून निघालेली हातभर लांबीची सगळी नक्षी मिळून एकच पान असतं. आतल्या छोट्या पर्णिकांच्या बगलेत डोळा मिळणार नाही. पान दोन-तीनदा विभागलेलं दिसलं की ते लायलॅकही नाही आणि सावनीही नाही. समोरासमोर साधी पानं, पुढच्या अर्ध्या काठाला दाते, लोंबणारे तुरे आणि नंतर नारिंगी फळं असतील तर ते डुरांटा. त्याचीही फळं विषारी, तेवढं लक्षात असू द्या. आणि साधं, लांब, खालून पांढरट लव असलेलं पान आणि फुलाच्या मध्यभागी नारिंगी ठिपका असेल तर बडलिया. त्याच्या फुलालाही लायलॅकसारख्या चारच पाकळ्या असतात, पण नळी चिरल्यावर पुंकेसर दोन नव्हे, चार सापडतात.

काढण्याची पद्धत अशी. फळं पिकायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आधी सगळे घोस तोडून पोत्यात भरा. वाळलेली बी इकडे तिकडे पडली की पुढच्या पावसाळ्यात अंगणभर रोपं उगवतात. मग वरच्या फांद्या टप्प्याटप्प्यानं उतरवा. हौदावर एकदम पाडू नका. खोड एकदम जमिनीलगत तोडू नका, तीन फूट खुंट ठेवा. तो हलवायला तरफ म्हणून कामी येतो. भोवती दोन फूट अंतरावर चर खणून जाड मुळं कुऱ्हाडीनं तोडा आणि खुंट हलवून मुळासकट काढा. दोन वर्षांच्या झाडाला दोन माणसं अर्ध्या दिवसात पुरतात. आणखी तीन वर्षं थांबलात तर हेच काम हौदाची भिंत उघडी करून करावं लागेल. नुसतं कापून सोडलं तर बुडातून आणि मुळांतून पुन्हा फूट येते. पुढच्या पावसाळाभर पंधरा दिवसांनी एक फेरी मारून हौदाच्या बाजूचा प्रत्येक कोंब कोवळा असतानाच उपटायचा. चर भरताना हौदाकडची माती पायानं दाबून, थरावर थर घालून घट्ट बसवा. काळी माती सैल राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि हौदाच्या पायाशी पोकळी तयार होते.